टोटल ठीक

दादा, तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तुझी बॅटरीवरची स्कूटर उघडली, आणि तेव्हापासून तुझ्यासाठी रडणं बंद केलं. आता फक्त राग येऊन राहिला आहे. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. लोकांचं काय जाते. लोकांनी तुझा सातवा सेल पाहिला नाही.

वहिनीनंच म्हटलं होतं. "मीना, सोमवारपासून दुकानात जावं लागते. इतवारी बाजाराच्या त्या गर्दीत ऑटोत कोंबून जायची मले आता ताकद नाही वं. ह्यांची गाडी घेऊन जाईन. जरा पाहून देशील?" मी म्हटलं, दादाची गाडी आहे, तिले काय होते, तरी पाहून देते. मीटर घेतलं, स्क्रू काढायचा पेचकस घेतला आणि जिन्याखाली बसली. सीट काढली, बॅटरीच्या पेटीचं झाकण काढलं. वर आपण दोघांनी बनवलेला बोर्ड बसलेला, हिरवा दिवा लावून. सोळाही सेल बरोबर दाखवत होता. मी खूश झाली. माणूस गेला, पण त्याचं काम कसं चोख आहे पाय, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. मूर्खासारखी जिन्याखाली बसून रडली मी, तुझ्या हिरव्या दिव्याकडे पाहून.

मंग सवय म्हणून मीटरची टोकं एकेका सेलले लावत गेली. तूच लावलेली सवय आहे ही. बोर्ड काय म्हणते ते मागून, आधी सेल काय म्हणते ते पाय. सहावा सेल चांगला भरलेला. सातवा इतका कमी, की मले वाटलं मीटरचीच बॅटरी उतरली. आणि बोर्ड म्हणे, दोघंही सारखेच. मी टॉर्च मारला. सहाव्या-सातव्याच्या मधून बोर्डाकडे येणारी वायर सेलपर्यंत जातच नव्हती. ती अलीकडेच कापून दोन रेझिस्टरांच्या मधात सोल्डर केली होती आणि वरून काळी टेप. टेप इतकी नीट, कडा दाबून बसवलेली, की कोणाचं काम आहे हे विचारायची गरज नव्हती. या घरात एवढी नीट टेप एकच माणूस लावत होता.

सातवा सेल फुगला होता, दादा. फुगून पेटीच्या पत्र्याले टेकला होता. त्याच जिन्याखाली रोज चार्जर लागत होता आणि त्याच जिन्याच्या वरच्या खोलीत तुझी बायको झोपत होती. पेटली असती तर उतरायले दुसरा रस्ता नाही त्या घराले. तुले माहीत होतं. तूच आहेस ना तो, ज्यानं शेजाऱ्याशी भांडण केलं होतं, की ई-रिक्षा जिन्याखाली चार्ज करू नका म्हणून?

बाहेरच्या कोणी वाचलं तर त्याले समजावं म्हणून सांगते. तुले नाही सांगून राहिली, तुले सगळं येत होतं, आणि माझा राग त्याच गोष्टीचा आहे. बॅटरीच्या पेटीत सोळा सेल एका रांगेत जोडलेले असतात. त्यातला एखादा कमजोर निघाला, की तो सगळ्यांच्या आधी उतरते, आणि सगळ्यांच्या आधी भरते. बाकीचे जोरात असतात, ते त्याले ओढत नेतात. तो पार रिकामा होते, खराब होते, फुगते, कधी पेटते. म्हणून एक बोर्ड लावायचा, त्याले बीएमएस म्हणतात. बोर्डाची एकेक वायर एकेका सेलपाशी जाते आणि विचारते, कसा आहेस. सोळातल्या एकानंही म्हटलं की माझ्यानं होत नाही, की बोर्ड अख्खी गाडी बंद करते. रस्त्यात असो, पुलावर असो. रिक्षावाले म्हणतात, बोर्डानं कट मारला. तू काय केलं, तर सहाव्या आणि सातव्याले वेगवेगळं विचारूच दिलं नाही. दोघांची बेरीज करून अर्धी-अर्धी वाटून दिली. सहाव्याची ताकद सातव्याच्या नावावर चढवली. बोर्डाले वाटलं, दोघंही मजेत आहेत.

आणि हे कोणी करावं? ज्यानं "टोटल" हा शब्द आपल्या घरात शिवी करून ठेवला, त्यानं.

तो पहिला रिक्षावाला आठवते? माझं लग्न व्हायचं होतं अजून. तू बुटीबोरीच्या मिलमध्ये मेंटेनन्सले लागला होता आणि रविवारी मागच्या खोलीत लोकांच्या बॅटऱ्या उघडत होता. तो आला आणि म्हणला, "भाऊ, मीटर तर फुल दाखवून राहिला, पण सवारी बसली की गाडी पूल चढत नाही. टोटल ठीक आहे, मी स्वतः चेक केलं." तू पेटी उघडली. एक सेल मेलेला, बाकीचे सगळे त्याचं झाकून घेऊन राहिलेले. तू मान वर न करता म्हणला, "टोटलच ठीक आहे गा. बाकी काहीच ठीक नाही." मी हातातली सोल्डरिंग खाली ठेवून हसली होती. तो बिचारा आपल्याकडे पाहत राहिला, की या भावा-बहिणीले झालं काय.

तेव्हापासून तो आपला शब्द झाला. काकांनी नवीन घराच्या भेगांवर रंग मारून वास्तुशांती केली, मी विचारलं कसं वाटलं घर, तू म्हणला टोटल ठीक. माझ्यासाठी पहिलं स्थळ आलं, तो मुलगा बैठकीत फोनवर कोणाले तरी झापत होता, तू पाण्याचा गिलास न्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आला आणि माझ्या कानात म्हणला, टोटल ठीक. मले इतकं हसू आलं की पोह्याची प्लेट घेऊन बाहेर जाता येईना. वहिनी विचारे, काय झालं वं दोघांले. आपण सांगत नव्हतो. आपल्यालेच मजा येत होती, की घरात एक शब्द असा आहे, जो फक्त दोघांले समजते.

अकोल्याचं स्थळ आलं तेव्हा तू काही म्हणला नाही. तुलेही बरंच वाटलं होतं, मले दोष द्यायचा नाही. तिथं काय झालं ते इथं लिहीत नाही, ते लिहायले हा लेख नाही. पण तो फोन लिहिते. मी हॉलमध्ये उभी होती, सासू समोर, नवरा सोफ्यावर, आणि फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचं असा त्या घरचा नियम होता. तू विचारलं, "काय मीने, कशी आहेस वं?" मी म्हटलं, "मी मजेत आहे दादा. टोटल ठीक आहे." तू म्हणला, "बरं." आणि फोन ठेवला. सासू खूश झाली, म्हणे किती समजदार भाऊ आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी तू दारात उभा होता. अंगात मिलचा युनिफॉर्म, पाळी अर्धी सोडून आलेला. चहा घेतला, सगळ्यांशी नीट बोलला, पावसापाण्याचं विचारलं. मंग मले म्हणला, "मीने, बॅग घे." बस. ना आवाज चढवला, ना कोणाले काही विचारलं. नागपूरपर्यंत आपण रेल्वेनं आलो. वर्धेले भजे घेऊन दिले, आणि माझ्या हातून खाली पडले, तर दुसरे घेऊन दिले. दादा, माझं आयुष्य तू एका शब्दावरून वाचवलं. अख्ख्या महाराष्ट्रात एकच माणूस होता ज्याले तो शब्द ऐकू आला. म्हणून तर जास्त राग येते.

घरी आणल्यावर तू मले कधी काही विचारलं नाही. टेबलावर भंगारवाल्याकडून आणलेले मोबाइल टॉवरच्या बॅटरीचे जुने सेल मांडले आणि म्हणला, "बाजारातला बोर्ड नको. सगळे एकसारखे थापलेले असतात, आणि लावून देणारे काहीबाही लावतात. आपण आपला बनवू. प्रोग्राम तू लिही, तारा मी जोडतो." मी म्हटलं, मले नाही येत. तू म्हणला, "लग्नाआधी कॉलेजात पोरांले शिकवत होती ना लॅबमध्ये? मंग स्वतः शिक." माझ्यासारखी बाई त्या दिवसांत दिवसभर छताकडे पाहत पडली असती. तू मले पडूच दिलं नाही. रोज एक नवीन भानगड समोर आणून ठेवली. अमुक सेल जास्त भरते तर त्याचं काय करायचं, बोर्ड गरम झाला तर काय, मे महिन्यात आपल्याकडे सीटखाली भाकर भाजेल अशी गरमी असते तेव्हा काय.

पहिला बोर्ड आपण जाळला. तू सेल मोजले वरून, मी प्रोग्राममध्ये मोजले खालून. तुझा पहिला तो माझा सोळावा. वायर लागली आणि फट् करून धूर. वहिनीनं पळत येऊन कूलरचं तोंड खोलीकडे फिरवलं, तर धूर बाहेर जायच्या ऐवजी स्वयंपाकघरात गेला आणि वरणाले जळक्या प्लास्टिकचा वास लागला. तू म्हणला, "बाप्पा, एका घरात वाढले आणि एकानं वरून मोजलं, एकानं खालून." मंग भिंतीवर लाल पेंटनं मोठ्या अक्षरात लिहून टाकलं, मोजणी वजाकडून, म्हणजे बॅटरीच्या मायनसच्या टोकाकडून. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याले ते दाखवे आणि म्हणे, "हे दोघं भाऊ-बहीण, सगळं वजाकडूनच मोजतात." त्या दिवशीचं वरण आपण तिघांनी तसंच खाल्लं आणि चांगलं लागलं, असं खोटं बोललो.

बोर्ड चालायले लागला, रिक्षांमध्ये लागला, आणि मंग भांडण सुरू झालं. ते भांडण अजून संपलं नाही, म्हणून इथं काढते. रिक्षावाले येऊन बोंबलत, भाऊ, तुमचा बोर्ड मधातच कट मारते, सवारी उतरून जाते, आम्ही रस्त्यात उभे. मी म्हटलं, दादा, एक बटन देऊ. दाबलं की थोडा वेळ गाडी हळू चालेल, माणूस रस्त्याच्या कडेले तरी लागेल. तू असा भडकला की जसं मी विष द्यायले सांगितलं. "बटन दिलं की लोक बटनच दाबतात. बोर्ड कोणी पाहत नाही मंग. बंद पडली तर पडू दे. बंद पडणं हेच त्याचं काम आहे." मी म्हटलं, पण माणूस पुलावर अडकला तर? तू म्हणला, "अडकला तर चार माणसं बोलवावी आणि ढकलावी. त्यात काय लाज आहे?"

हे तुझे शब्द आहेत, दादा. चार माणसं बोलवावी. त्यात काय लाज आहे. मी तेव्हा चिडून कामठीले नव्या कॉलेजजवळ घेतलेल्या माझ्या खोलीवर निघून गेली होती आणि दोन रविवार आली नव्हती. तिसऱ्या रविवारी आली तर तू चहा केला, पण बटन दिलं नाही. त्यानंतर दीड वर्ष आपण त्यावर भांडत राहिलो. मले वाटे तू जिद्दी आहेस, पण खरा आहेस. आता समजून राहिलं, की लोकांच्या गाडीसाठी एक नियम आणि स्वतःच्या गाडीसाठी दुसरा. माझं बटन निदान दिसलं तरी असतं. दाबलं की लाल दिवा लागला असता. तू केलं ते टेपच्या आत केलं, आणि वरून हिरवा दिवा.

दहाव्याले आपण सगळे कन्हानले गेलो होतो, नदीवर. आपण म्हणजे तुझ्याशिवाय. पिंड ठेवला आणि कावळा लगेच आला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. काका म्हणले, "पाय, काहीच राहिलं नव्हतं त्याचं मागं. समाधानी गेला पोरगा." मलेही त्या वेळी बरं वाटलं होतं. गाडी उघडल्यावर समजलं, की त्या कावळ्यानंही नुसती टोटल पाहिली.

टेप काढून, दोन्ही रेझिस्टर मुठीत धरून मी वर गेली. वहिनी तुझे शर्ट घडी करत होती, कोणाले द्यायचे, कोणते ठेवायचे. मी विचारलं, "वहिनी, दादानं गाडीले काही केलं होतं का एवढ्यात?" ती म्हणे, "केलं होतं ना. एक दिवस खापरीच्या पुलावर बंद पडली होती ह्यांच्यावर. मिलमधून येताना. तिथून ढकलत आणली म्हणे थोडी, मंग कोणाच्या तरी टेम्पोत टाकून आणली. घरी आले तर घामानं ओले, तोंड राखेसारखं झालेलं. जिन्यावरच बसले. वर यायले किती वेळ लावला. मी म्हटलं, दवाखान्यात चला. तर म्हणे, काही नाही वं, ऊन लागलं. मंग दुसऱ्या दिवशी सुट्टी होती तर खाली बसून गाडीले काहीतरी करत होते. संध्याकाळी मले म्हणे, आता नाही बंद पडणार."

मले सगळं एकदम दिसलं. सेल कमजोर झाला होता तर बदलायचा होता, मागच्या खोलीत चांगले सेल पडले आहेत. पण सेल बदलायचा म्हणजे पेटी उचलून बाहेर काढावी लागते, आणि पेटी जड आहे. तुझ्यानं उचलली गेली नाही. रेझिस्टर मात्र बसल्या बसल्या लागते. आणि गाडी पुन्हा पुलावर बंद पडली असती तर ढकलणं तुझ्यानं होणार नव्हतं, हे तुले त्या दिवशी कळलं होतं. तू गाडीले फसवलं नाही, दादा. ज्या छातीनं तुले नेलं तीच तेव्हा फसवून राहिली होती, आणि ते कोणाले दिसू नये म्हणून तू गाडी चालती ठेवली.

मी वहिनीले विचारलं, "मंग पुन्हा नाही म्हटलं का तू दवाखान्याचं?" ती म्हणे, "रोज म्हणत होती वं. जिना चढताना थांबत, भिंतीले हात लावून उभे राहत. मी विचारलं की एकच बोलत." आणि तिनं तुझा आवाज काढला, थोडा नाकातून, मान वाकडी करून, जसा तू बोलत होता. "टोटल ठीक आहे."

तेव्हा मले वाटलं की तू समोर असता तर मी तुले मारलं असतं. खरंच मारलं असतं. तो शब्द तू तिले म्हणला. ज्या एका माणसाले त्याचा अर्थ माहीत नाही, त्याले. मले दर रविवारी फोनवर म्हणे, "मिलमध्ये काम जास्त आहे वं, पुढच्या रविवारी बसू." साधं, सरळ, कुठंच अडखळणं नाही. मले एकदा म्हणला असता ना टोटल ठीक, मी कामठीहून चपला न घालता आली असती. तुझी कॉलर धरून दवाखान्यात नेलं असतं. बॅग घे, म्हटलं असतं. तुले हे माहीत होतं, म्हणूनच तू मले म्हणला नाही. पण तोंडातून शब्द तर निघत होता. आतून धक्के मारून राहिला होता बाहेर यायले. मंग तू त्याले अशा ठिकाणी सोडला जिथं कोणी उचलणार नाही.

वहिनी म्हणे, "तुमचा दोघांचा शब्द होता ना तो? खूप हसत होते त्यावर. काय अर्थ होता वं?"

काय सांगणार होती मी तिले? की त्यानं रोज तुले सांगितलं, आणि तुले समजलं नाही? मी म्हटलं, "काही नाही. ठीक म्हणजे ठीक. सगळं बरोबर आहे असं." ती म्हणे, "हो ना." आणि शर्टाची घडी घातली. म्हणजे पाय, तुझे रेझिस्टर मी गाडीतून काढले आणि माझ्या जिभेवर लावले. मले तू खोटं बोलायले लावलं, तेही तिच्याशी. याची माफी मी तुले देणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी वहिनीले खाली बोलावलं आणि आम्ही दोघींनी मिळून पेटी बाहेर काढली. एकीनं एकीकडून, दुसरीनं दुसरीकडून. फुगलेला सेल काढला, अंगणात दूर रेतीच्या घमेल्यात ठेवला. मागच्या खोलीतला एक सेल लावला, छोट्या ताकदीचा आहे, पण सरळ आहे. वायर जिथं होती तिथं जोडली. वहिनीले सांगितलं, पहिल्यासारखी लांब नाही जाणार, इतवारी आणि घर एवढंच. कमी पडली तर बंद पडेल, घाबरायचं नाही, मले फोन लावायचा. मी कॉलेजात सुट्टी वाढवून घेतली होती आणि तुझ्याच घरी होती.

तिसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला. दुकानमालकानं तिले माल पाहायले कुठं तरी लांब पाठवलं होतं. "मीना, बंद पडली वं. रेल्वेच्या पुलावर. चढावर." रागातच बोलली. मले मात्र, काय सांगू, बरं वाटलं. तुझा बोर्ड बऱ्याच दिवसांनी खरं बोलला होता. मी ऑटोनं गेली. मी हँडल धरलं, ती मागून जोर लावायले लागली. ऊन डोक्यावर, बाजूनं ट्रक जाऊन राहिलेले. अर्धा चढ झाला आणि मागचा जोर गेला. वळून पाहिलं, तर वहिनी एक हात सीटवर आणि एक हात छातीवर ठेवून वाकून उभी.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणे. "टोटल ठीक आहे."

मी हँडल सोडलं. गाडी मागं आली, तिच्या पायाले लागली, तरी मले भान नव्हतं. मी तिचे खांदे धरले. "कुठं दुखते? छातीत? हातात? खोटं नको बोलू वहिनी, खोटं नको बोलू." मी रस्त्यात येऊन ऑटोले हात दाखवायले लागली, दवाखाना, दवाखाना म्हणून. ती म्हणे, "अवं मी नुसती दमली. सकाळपासून जेवली नाही." मी ऐकूनच नाही राहिली. तेव्हा तिनं माझी दोन्ही मनगटं पकडली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर येताना मले दिसत होती.

"मीना, त्या शब्दाचा अर्थ काय आहे?"

मंग मी सांगितलं. रिक्षावाला, काकांचं घर, अकोल्याचा फोन, सगळं सांगितलं, तिथंच पुलावर उभ्या-उभ्या. ती ऐकत राहिली. आणि मंग ज्या वाक्याची मले भीती होती तेच बोलली. "म्हणजे त्यांनी मले सांगितलं होतं. मलेच समजलं नाही."

"नाही," मी म्हटलं. "सांगायचं असतं तर मले म्हणला असता. तुले म्हणला, कारण तुले समजणार नाही हे त्याले पक्कं माहीत होतं. त्यानं सांगितलं नाही वहिनी. लपवलं. तुझ्या तोंडावर, रोज, लपवलं."

लग्नाले इतकी वर्षं झाली, तिनं तुझं नाव कधी घेतलं नव्हतं. अहो, हे, ते, एवढंच. तेरवीलेही बायका रडत होत्या, ती नुसती बसून होती. त्या पुलावर तिनं डोक्यावरचा पदर खाली ओढला, पुलाच्या पलीकडे कुठं तरी पाहिलं आणि मोठ्यानं म्हणली, "प्रशांत, नालायका." मंग अजून एकदा म्हणली. मंग रडली, दादा. तू गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडली, तुझं नाव घेऊन, शिव्या देत. मीही रडली. मी रडणं बंद केलं होतं ते त्या दिवशी मोडलं. पण राग गेला नाही, तू खूश नको होऊ.

एक ई-रिक्षा बाजूले येऊन थांबली. रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय झालं ताई? सब ठीक?"

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. "नाही," ती म्हणे. "बंद पडली आहे. आमच्या दोघींच्यानं चढत नाही. या, हात लावा."

तो उतरला आणि त्यानं हात लावला. त्याची सवारी होती एक म्हातारी, तीही उतरून मागून काहीतरी सांगत चालायले लागली. पूल चढला. अवघड काही नव्हता. तुले एवढंच म्हणायचं होतं गा दादा. बंद पडली आहे, ये, हात लाव. मी आली असती.